संडेला मॉल बंद?

रविवारी दुपारी काय करायचं, असं विचारलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं. मॉल! काही घ्यायचं नसलं तरी चालतं. एसीत फिरायचं, ट्रायल रूममध्ये सेल्फी काढायचे आणि शेवटी चौघांत दोन प्लेट मोमोज. आता कल्पना करा, तुम्ही परक्या देशात आहात, तिथला पहिलाच रविवार आहे, घरात खायला काही नाही आणि मॉलला कुलूप आहे.

माझ्या मावसताईचं अगदी हेच झालं. नोकरीसाठी पुण्याहून म्युनिकला गेली, पोहोचली शुक्रवारी रात्री. शनिवारी दिवसभर झोपली आणि संध्याकाळी सातला जवळच्या मॉलमध्ये गेली. ब्रँड बरेचसे ओळखीचे, सरकते जिने तसेच, परफ्युमचा वासही तोच. तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आज नुसतं बघून घेऊ, सामान उद्या निवांत नेऊ, असा हिशोब करून ती फिरत राहिली. पावणेआठला दुकानांची शटर्स खाली यायला लागली. आठला गार्डनं शांतपणे दाराकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेली तर मॉल बंद. शेजारचं सुपरमार्केट बंद. मेडिकल बंद. रस्त्यावर दोन सायकलवाले आणि कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा. तेवढ्यात मावशीचा व्हिडिओ कॉल. ‘जेवलीस का?’ ‘हो गं, पास्ता केला.’ बॅगेत होती शेंगदाण्याची चटणी आणि अर्धा पुडा बाकरवडी. ती खाता खाता मॉलसमोरच्या बाकावर बसून ती रडली, हे तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं. मावशीला अजून माहीत नाही. (आज पेपरात वाचेल. सॉरी, ताई!)

तुम्ही म्हणाल, हा काय मागासपणा? मलाही तसंच वाटलं होतं. पण जर्मनीत हे प्रकरण थेट संविधानापर्यंत जातं. १९१९च्या वायमार संविधानातल्या १३९व्या कलमानं रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विश्रांतीसाठी राखून ठेवले. १९४९मध्ये नवं संविधान आलं, तेव्हा ते कलम तसंच त्यात घेतलं गेलं. १९५६च्या दुकानबंदीच्या कायद्यात तर बहुतेक शनिवारी दुपारी दोनलाच शटर पडायचं. पुढे वेळा वाढल्या, २००६मध्ये त्या ठरवायचा अधिकार राज्यांकडे गेला. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात मात्र अजूनही रात्री आठचीच मर्यादा आहे. आणि रविवारला, मोजके अपवाद सोडले तर, कुणी हात लावू शकलं नाही. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायची परवानगी दिली, तर चर्च कोर्टात गेली आणि २००९मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं ती तरतूद चुकीची ठरवली.

मास्टर्सला तिकडे निघाला असाल तर एक टिप घ्याच. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या रविवारीही उघड्या असतात. ताईला हे शेजारणीनं सांगितलं, पण सोमवारी.

सोमवारी ऑफिसनंतर ती पुन्हा गेली. ट्रॉल्या साखळीनं एकमेकींना बांधलेल्या, नाणं घातल्याशिवाय सुटेनात. हिच्याकडे फक्त कार्ड. मग जमेल तेवढं हातात धरून ती रांगेत उभी राहिली. मागच्या आजींनी एक शब्द न बोलता दोघींच्या सामानामध्ये आडवी पट्टी ठेवली. कॅशियरनं वस्तू इतक्या भराभर सरकवल्या, की कणीक, दूध, बटाटे सगळं काउंटरच्या टोकाला ढीग होऊन पडलं. पिशवीत भरायला कुणी माणूस नाही, ते आपलं आपण करायचं. बिलात पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट जास्त लागले होते. ती अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. ताईनं पहिली बाटली अर्थातच कचऱ्यात फेकली.

पण तिच्या लक्षात राहिलं दुसरंच. ती कॅशियर खुर्चीत बसलेली होती. ‘आपल्याकडे मॉलमध्ये कुणाला बसलेलं आठवतंय का तुला?’ तिनं मला विचारलं. मला आठवेना. काउंटरवरच्या लोकांना बसायला मिळावं म्हणून केरळला २०१८मध्ये आणि तमिळनाडूला २०२१मध्ये कायदा बदलावा लागला. आपल्याकडे २०१७च्या कायद्यानं दुकानं ३६५ दिवस उघडी ठेवता येतात. कर्मचाऱ्याला आठवड्याची एक सुट्टी द्यावी लागते, पण ती रविवारीच हवी असं नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये ताई आली होती. आम्ही रविवारीच मॉलला गेलो, कारण मलाही तेव्हाच सुट्टी. कुर्ते दाखवणाऱ्या मुलीला तिनं विचारलं, ‘तुझी सुट्टी कधी असते गं?’

‘मंगळवारी, मॅम. पण तेव्हा मुलाची शाळा असते.’

ताईनं पुढे काही विचारलं नाही. दोन कुर्ते घेतले, बिल केलं. मग आम्ही फूड कोर्टला गेलो. तिथे टेबल मिळायला वीस मिनिटं लागली.