खाजतं त्याची धास्ती, खाजत नाही त्याचं काय?

कातडीची भाषा : लेखांक ७

गेल्या आठवड्यात घामोळ्यांवर लिहिलं. या वेळचा विषय माणूस मेडिकलवाल्यालाही दुकानातली गर्दी ओसरल्यावरच विचारतो. ‘जांघेत चट्टा आलाय, खाज सुटते, काहीतरी द्या.’ दुकानदार एक ट्यूब कागदात गुंडाळून देतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात मात्र वेगळाच भुंगा असतो : हा गुप्तरोग तर नाही?

बहुतेक वेळा नसतो. कडा उंचावलेला, मधून निवळत बाहेर पसरणारा चट्टा म्हणजे सहसा गजकर्ण, आपला नायटा. पावसाळ्यात ओलसर राहिलेली जीन्स, घाम आणि घरात सगळ्यांना मिळून एक टॉवेल, एवढं त्याला पुरतं. अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ आहे आणि घरातली पोरंही खाजवताहेत, तर ती खरूज. ती शरीरसंबंधातून लागते हे खरं, पण एका पांघरुणात झोपणाऱ्या भावंडांनाही लागतेच. आणि शिश्नाच्या बोंडाच्या कडेला ओळीने बसलेले मोत्यांसारखे दाणे हा तर आजारच नव्हे. कित्येक पुरुषांना ते असतात. मोबाइलवर फोटो जुळवत रात्र काढणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

ज्याची खरी काळजी करायची तो सिफिलिस, म्हणजे गरमी, मात्र फारसा बोभाटा करत नाही. संबंधानंतर साधारण ३ आठवड्यांनी, कधी १० दिवसांत तर कधी ९० दिवसांनी, कडक बुडाचा एक व्रण येतो. बहुधा दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो आतल्या बाजूला असला तर दिसतही नाही. ३ ते ६ आठवड्यांत औषधाविना भरून येतो आणि माणूस ‘सुटलो’ म्हणतो. जंतू तोवर रक्तातून अंगभर पोचलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर तांबूस डाग उठतात, अनेकदा तळहातांवर आणि तळपायांवरही. तिथे उठलेले, न खाजणारे डाग दिसले की डॉक्टरच्या मनात पहिली शंका गरमीची येते. घरात मात्र ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा भिजत घातला जातो. हे डागही आपोआप जातात. उपचार राहिले तर पुढे कधीतरी मेंदू, डोळे, हृदय यांच्यावर बेतू शकतं.

हर्पिसची तऱ्हा वेगळी : आधी चुरचुर, मग पुंजक्याने पाण्याचे फोड, ते फुटले की झोंबणारे व्रण, आणि पुन्हा पुन्हा तेच.

त्या कागदात गुंडाळलेल्या ट्यूबवर माझा राग आहे. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक यांची भेसळ असते. दोन दिवसांत खाज थांबते, लोक ‘गुण आला’ म्हणतात. बुरशी मात्र फोफावत राहते, चट्ट्याच्या कडा पुसट होतात, आणि मग डॉक्टरलाही नायटा ओळखता येईनासा होतो.

तेव्हा डोळ्यांनी निदान करत बसू नये. जोखमीचा संबंध आला असेल तर तो केव्हा आला, हे डॉक्टरला सरळ सांगावं आणि रक्त द्यावं. व्हीडीआरएल ही गरमीची जुनी, स्वस्त तपासणी. व्रण नवा असताना ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. उलट, दुसऱ्याच कारणाने ती पॉझिटिव्हही येते, मग टीपीएचएने खात्री करतात. सुरुवातीची गरमी बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांच्या एका डोसने बरी होते. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने तिथे तुमची संमती व गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. १०९७ या क्रमांकावर फोन करून नाव न सांगताही विचारता येतं.

अवघड भाग पुढे असतो : जोडीदाराला सांगणं. जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार झाले नाहीत, तर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. गरोदरपणात गरमीचा जंतू बाळापर्यंत जातो, म्हणून नाव नोंदवताना गरोदर बाईची ही तपासणी करतात. काही नवऱ्यांना आपला आजार कळतो तो बायकोच्या त्या रिपोर्टवरूनच.