घेतली नाव, ठेवायची कुठं?

नौकाविहाराची हौस पाण्यावर भागते, पण तिची खरी परीक्षा होते घरच्या गॅरेजच्या दारात. तिथं फूट-इंचांचं गणित चुकलं तर नाव राहते बाहेर अन् घरातली शांतताही!

नवा रायपूर म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आखून-रेखून वसवलेलं शहर. छत्तीसगड राज्य २००० साली झालं, २०१२ साली राज्याचं मंत्रालय जुन्या रायपूरहून इथं हललं आणि रुंद रस्त्यांच्या कडेनं सेक्टर उभे राहिले. घर म्हटलं की पुढं एका गाडीपुरतं पोर्च. अशा घरातल्या मराठी कुटुंबाचा नावेशी संबंध तो किती? फार तर सुट्टीत धमतरीजवळच्या गंगरेल धरणावर एक फेरी.

पण समजा, मुलगा-सून आहेत अमेरिकेत, मिनेसोटात. ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ ही त्या राज्याची ओळख. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर भरतात ११,८४२! शेजाऱ्याकडे बोट, ऑफिसातल्या मित्राकडे बोट. मग एका रविवारी फोन येतो, “बाबा, आम्हीही बोट घेतली. ट्रेलरसकट!” आणि पाठोपाठ जरा दबकत, “पण गॅरेजमध्ये मावत नाहीये.”

ऐकून हसू येईल. पण हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्यात पैसा गुंतलेला आहे, घराची जागा गुंतलेली आहे आणि नीट लक्ष दिलं नाही तर घरातल्यांचा जीवही.

कोकणातली शाकारणी, तिकडची गॅरेज

नाव पाण्यावर राहते हा आपला समज. प्रत्यक्षात प्रत्येक मुलखात असा एक ऋतू असतो, जो नावेला जमिनीवर आणतो. कोकणात तो पावसाळा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधीच होड्या ओंडक्यांवरून रेटत, दहा-वीस हात लावून वर ओढल्या जातात. खाली टेकू देऊन, वर झावळ्या किंवा ताडपत्री घालून त्या शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पुन्हा दर्याचं दर्शन.

मिनेसोटात हेच काम हिवाळा करतो. तळीच गोठतात. इंजिनात राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि लोखंडाचा ठोकळाही तडकवतं. शिवाय अनेक वसाहतींत गृहसंस्थेचा नियम असतो की दारापुढं बोट उभी करायची नाही. भाड्याची जागा घ्यावी तर दरमहा खर्च. म्हणून सगळ्यांची नजर वळते ती घरच्या गॅरेजकडे.

फरक इतकाच की कोकणात किनारा मोकळा असतो. गॅरेजला चार भिंती असतात.

कागदावरची लांबी फसवी

बहुतेकांची चूक होते ती इथंच. दुकानदार सांगतो, “बोट १८ फुटी आहे.” गॅरेज असतं २० ते २२ फूट खोल. म्हणजे बसलीच की! पण १८ फूट ही झाली नुसत्या नावेची लांबी. तिच्या नाकाच्या पुढं ट्रेलरचा दांडा तीन-साडेतीन फूट येतो आणि मागं टांगलेली मोटर दीड-दोन फूट. बेरीज गेली तेवीस फुटांवर!

रुंदीचंही तसंच. अमेरिकेत रस्त्यावरून विनापरवाना न्यायच्या वाहनाला साडेआठ फुटांची मर्यादा आहे, म्हणून ट्रेलरवरच्या बऱ्याच बोटी बरोबर तेवढ्याच रुंद बांधतात. एका गाडीच्या गॅरेजचं दार असतं आठ किंवा नऊ फूट. नऊ फुटी दारातून साडेआठ फुटी नाव म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त तीन-तीन इंच! दार आठ फुटी असेल तर विषयच संपला. दोन गाड्यांचं सोळा फुटी दार असेल तर नाव आत जाते, पण मग दुसरी गाडी बर्फात.

तेव्हा टेप धरायचा तो दांड्याच्या टोकापासून मोटरच्या शेपटापर्यंत. तोही नाव ट्रेलरवर चढवलेली असताना.

कमी पडलेले फूट आणायचे कुठून?

पहिला उपाय दांड्याचा. काही ट्रेलरच्या दांड्याला बिजागरी असते. खिट्टी काढली की दांडा दारासारखा बाजूला वळतो आणि दोन ते चार फूट वाचतात. ट्रेलर विकत घेतानाच अशी सोय मागून घेणं शहाणपणाचं. नंतर बसवायची तर ट्रेलरच्या वजनाला पेलेल अशीच बिजागरी हवी आणि काम जाणकाराकडूनच करून घ्यायला हवं. रस्त्यात तोच सांधा सगळा भार ओढत असतो.

दुसरा उपाय मोटरचा. वर उचललेली मोटर मागं जास्त येते, खाली सोडली की लांबी घटते. फक्त तिचा पंखा जमिनीला टेकत नाही ना, ते पाहायचं.

तिसरा उपाय सगळ्यांनाच सुचतो, तो म्हणजे नाव तिरकी लावायची. वीस बाय वीस फुटांच्या गॅरेजचा कर्ण २८ फूट असतो, मग तेवीस फुटी नाव सहज बसेल, असं वाटतं. पण नाव म्हणजे काही काठी नव्हे, तिला रुंदीही आहे. आठ फूट रुंदीची चौकोनी पेटी अशा खोलीत अगदी कोनाकोनी ठेवली, तरी सव्वावीस फुटांहून लांब बसत नाही. फायदा जेमतेम तीन-चार इंचांचा! नावेचं नाक आणि दांडा निमुळते असतात, ते कोपऱ्यात शिरतात, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक लाभ होतो. पण किती, हे आधी खडूनं जमिनीवर नावेचा आकार आखून पाहावं. दहा मिनिटांचं काम, पण पुढचा मनस्ताप वाचतो.

राहिली उंची. दार साधारण सात फुटी, आणि पुढची काच नेमकी तिथंच अडते. इथं ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जॅक कामाला येतो. ट्रेलर चाकांवर बागेतल्या सी-सॉसारखा झुलतो. नाक खाली केलं की चाकांच्या पुढचा भाग खाली जातो आणि मागचा वर येतो. म्हणून नाव मागच्या बाजूनं आत घालताना आधी नाक उंच ठेवायचं आणि काच दाराखाली आली की खाली घ्यायचं. दारापुढं चढ किंवा उतार असेल तर सपाट जागेवरचं माप उंबरठ्यावर खोटं ठरतं, हेही ध्यानात असावं.

रेटताना सांभाळा

ट्रेलर मागं घेताना नवशिक्याची त्रेधा उडते, कारण तो स्टेअरिंगच्या उलट दिशेला वळतो. सोपी युक्ती म्हणजे हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर हात उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे. एकानं गाडी चालवावी, दुसऱ्यानं बाहेर उभं राहून इशारा द्यावा आणि इशारा देणारा दिसेनासा झाला की गाडी तिथंच थांबवावी. पोरासोरांनी त्या वेळी घरात बसावं. ट्रेलर आणि भिंत यांच्यामध्ये कुणीही उभं राहू नये.

ट्रेलर गाडीपासून सोडण्याआधी दोन्ही चाकांना अडणी लावायलाच हवी. हजार-बाराशे किलोच्या नावेच्या दांड्यावर साठ ते शंभर किलो भार सहज असतो, तो हातानं उचलायचा नसतो. चाकाचा जॅक कशासाठी आहे?

सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. तिकडे पुष्कळ घरांत पाणी तापवायचा गॅसचा बंब गॅरेजमध्येच असतो. ठिणगी जमिनीपासून निदान १८ इंच उंच राहावी असा तिथल्या बांधकामाचा नियम आहे, तो याच भीतीपोटी. तेव्हा इंधनाची नळी गळत नाही ना पाहावं, बॅटरीची तार काढून ठेवावी आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही, अगदी एक मिनिटही सुरू करू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गॅरेजच्या भिंतीपलीकडे घर झोपलेलं असतं.

नावच घराच्या मापाची

यावर एक तोडगा १९६३ साली इंग्लंडमध्ये निघाला होता. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ नावाची शिडाची होडी आखली. लांबी अकरा फुटांहूनही कमी, सांगाड्याचं वजन सुमारे ४५ किलो. प्लायवूडचे तुकडे घरी आणून, घरीच जोडायचे. मोटारीच्या टपावर घालून न्यायची. साध्या पगारदार माणसाच्या घरात मावेल अशी नाव हवी, हाच विचार त्यामागं होता. अशा ७० हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या.

मोठ्या नावेला घर पुरत नाही म्हणून हौस मारायची गरज नाही. घराला पुरेल एवढी नाव घेतली तरी पाणी तेच असतं!

आणि आपली गाडी?

नवा रायपूरच्या पोर्चमध्ये बोट येणार नाही, पण मोठी गाडी येतेच. १९८३ साली आलेली आणि २०१४ साली बंद झालेली मारुती ८०० अवघी १.४४ मीटर रुंद होती. आजच्या मोठ्या गाड्या पावणेदोन-दोन मीटरच्या घरात गेल्या आहेत. त्यात माहितीपत्रकातली रुंदी बहुधा बाजूचे आरसे सोडून दिलेली असते. गाडी आत शिरली तरी दार उघडून आजी-आजोबांना उतरता येईल का, स्कूटर बाहेर काढता येईल का, फाटक आतल्या बाजूला उघडेल का, हे कुणी मोजतच नाही.

नाव असो की गाडी, आधी जागा मोजावी, मग वस्तू. रंग, इंजिन, किंमत यांवर घरात महिनाभर चर्चा चालते. त्यातली अर्धी संध्याकाळ टेप घेऊन दारात घालवली, तर नवी वस्तू घरात येते तेव्हा तिच्यासाठी खरोखरच जागा असते.