निऱ्यांपासून मिशीपर्यंत

पेशवाईतला एक तंटा डॉ. आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ मध्ये छापलेल्या भाषणात नोंदवून ठेवला आहे. सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागली, ब्राह्मणांच्या पद्धतीने धोतराच्या निऱ्या काढू लागली आणि भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणू लागली. ब्राह्मणांना ते खपले नाही. पेशव्यांच्या अधिकाराने हा प्रकार मोडून काढण्यात आला. मुंबईतल्या सोनारांपर्यंत पेशव्यांचा हात पोहोचत नव्हता, म्हणून तिथे ईस्ट इंडिया कंपनीकडून मनाई हुकूम मिळवला गेला. धोतराला कोणी निऱ्या काढाव्यात, हा तेव्हा राज्यकारभाराचा विषय होता.

कपड्यांवरून माणसाची पारख करू नये, असे आज आपण मुलांना शिकवतो. त्या समाजात कपडे होते ते पारख व्हावी म्हणूनच. पगडीचा घाट, लुगड्याची लांबी, कपाळावरचे गंध, डोईवरचे केस यांवरून समोरच्याला किती वाकायचे, त्याच्या हातचे पाणी घ्यायचे की नाही, हे लांबूनच ठरत असे. आपल्या सुधारणेच्या इतिहासात शाळा, सभा, वर्तमानपत्रे, कायदे यांना मोठी जागा मिळते आणि पेहरावाची भांडणे तळटिपेत जातात. मला ते मान्य नाही. ज्यांच्या अंगावर हा नियम लिहिला गेला होता, त्यांची लढाई अंगावरूनच सुरू होणार होती.

जोतीराव फुल्यांनी हे फार नेमके ओळखले होते. १८८८ मध्ये पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट या ब्रिटिश राजपुत्रासाठी मेजवानी दिली. पाहुणे भरजरी कपड्यांत, हिऱ्यामोत्यांनी मढून आलेले. त्यांच्यात जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात येऊन बसले आणि उठून राजपुत्राला म्हणाले, की ही मंडळी म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जा. हे भाषण त्यांना चांगल्या अंगरख्यातही करता आले असते. पण मग ते शेतकऱ्यांबद्दल बोलणारे एक प्रतिष्ठित गृहस्थ ठरले असते. त्या वेषामुळे, ज्याला त्या दालनात कधी बोलावणे आले नसते, तो शेतकरीच तिथे येऊन बसला.

या सगळ्या नियमांत सर्वांत निर्दय नियम होता तो ब्राह्मण आणि त्यांचे पाहून वागणाऱ्या घरांतल्या विधवांसाठी. नवरा गेला की न्हाव्याला बोलावणे जाई. मुलगी कधी कधी बारा-चौदा वर्षांची असे. कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, केस उतरवायचे आणि पुढे जन्मभर लाल अलवण. केस तर वाढत राहतात, म्हणून वस्तराही पुन्हा पुन्हा फिरत राही. वपन म्हणजे एक दिवसाचा विधी नव्हता. ती शिक्षा दर काही दिवसांनी नव्याने दिली जात होती, म्हातारपणापर्यंत. विधवेची वेणी परलोकात नवऱ्याला बंधन होते, असे शास्त्राचे कारण सांगत. व्यवहारात त्या डोक्याचा उपयोग वेगळा होता. ही बाई कोणाची नाही, हिला मंगलकार्यात बोलवायचे नाही, हिने घरात राबायचे, हे पाहणाऱ्याला न विचारता कळे. आणि केस राखणारी, म्हणजे सकेशा विधवा, कर्मठ घरांत सोवळ्याच्या स्वयंपाकाला चालत नसे. त्यामुळे पुष्कळ बायकाच पुढच्या पिढीतल्या पोरींना वस्तऱ्यासमोर बसवत. नियम टिकतात ते असे.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीने यमूच्या वपनाचा प्रसंग मराठी घराघरांत नेऊन ठेवला. आगरकरांनी ‘सुधारक’मधून या चालीवर कोरडे ओढले. स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत, असा निबंध लिहायलाही त्यांना कमीपणा वाटला नाही. तत्त्वचिंतकाने बायकांच्या जाकिटांवर लेखणी झिजवावी का, असे विचारणारे तेव्हाही असणार. मला तर त्या निबंधाच्या मथळ्यातच आगरकरांची खरी उंची दिसते.

लेख लिहिणारे लिहीत होते, पण वस्तरा नाभिकांच्या हातात होता. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी नाभिकांना एकत्र आणले. लोखंडे म्हणजे फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांची संघटना उभारणारे पुढारी. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार त्या मंडळींनी केला. ही घटना दोन ओळींत उरकली जाते याचे मला फार वाईट वाटते. ज्यांना स्वतःला खालचे मानले जात होते, त्यांनी वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या लेकींसाठी आपल्या मजुरीवर पाणी सोडले. हे कोणत्याही परिषदेतल्या ठरावापेक्षा मोठे होते, कारण त्यात काम थांबत होते.

पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या विधवांसाठीच्या संस्थेकरता गावोगाव हिंडून वर्गणी जमवणाऱ्या पार्वतीबाई आठवले बराच काळ केशवपन केलेल्याच राहिल्या आणि नंतर विचारपूर्वक त्यांनी केस वाढवले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. स्वतःचे केस वाढू देणे हा एका प्रौढ, कर्तबगार बाईच्या आयुष्यातला जाहीर निर्णय ठरावा, यावरून त्या काळाचे माप घेता येते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच परिषदेत आंबेडकर अस्पृश्य स्त्रियांशी जे बोलले ते तितके आठवले जात नाही. गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेली लुगडी, गळ्यात-हातात कथलाचे किंवा चांदीचे जड दागिने, ही तुमची जात लांबून ओळखू येण्याची खूण आहे, ती टाका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. दुसऱ्याच दिवशी बायका तशी लुगडी नेसून आल्या. निर्णयाला एक रात्र पुरली. कोणी म्हणेल की हे वरच्या जातींचे अनुकरण झाले. पण कापड तर सगळ्यांचेच होते, ते कसे नेसायचे यावरची मक्तेदारी त्या बायकांनी मोडली.

ही मक्तेदारी मोडणे किती महागात पडू शकत होते ते पुढच्याच महिन्यात दिसले. जानेवारी १९२८ मध्ये बातमी आली, की होळकरांच्या इंदूरजवळच्या गावांत सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीच्या लोकांना फर्मान काढले: जरीकाठी पागोटे नको, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नको, बायकांना सोन्याचांदीचे दागिने नकोत, जाकिटेही नकोत. बलायांनी नकार दिला. त्यांना विहिरीवरून हाकलले, गुरे चारू दिली नाहीत, आणि शेवटी अनेकांना बायकामुलांसह धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेर अशा संस्थानांत निघून जावे लागले.

राजकारणातही डोके मोकळे नव्हते. जातीजातीच्या पगड्यांच्या जागी गांधी टोपीने एकच पांढरी खूण आणली, आणि १९३० मध्ये लष्करी कायद्याखालच्या सोलापुरात तीच टोपी माणसाला गुन्हेगार ठरवू लागली. गांधींनी स्वतः १९२१ मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे उतरवून पंचा नेसला, तो गरिबांशी एकरूप व्हायला. आंबेडकर सूट-बूट-टाय घालत राहिले. त्यावरून त्यांना साहेबी म्हणणारे अजूनही भेटतात. ज्याच्याकडे उतरवायला काही आहे, त्याने उतरवणे हा त्याग असतो. ज्यांच्या अंगावर जरीकाठही सहन केला जात नव्हता, त्यांच्या माणसाने कोट घालणे हा हक्काचा उच्चार असतो. दोघांनाही कपड्याची ताकद पुरती कळली होती, म्हणूनच त्यांच्या वाटा उलट दिशांना गेल्या.

अंगावरची ही लढाई संपलेली नाही. आजही वरातीच्या घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाच्या फेट्यावरून राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशात पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. २०१७ मध्ये गुजरातमधल्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर गुजरातमधल्या अनेक दलित तरुणांनी मोबाइलवरच्या प्रोफाइलमधले स्वतःचे फोटो काढून टाकले आणि त्या जागी मिशी, वर मुकुट आणि खाली ‘मिस्टर दलित’ अशी अक्षरे लावली.