पेढीच्या संगणकास दोन नेटवर्क कार्डे

ज्या वखारीस दोन दारे असतात तिच्या धन्यास दुप्पट सावध राहावे लागते. रस्त्याकडील दाराने गिऱ्हाईक व गाड्या येतात, आतील दाराने मुनीम व हमाल वावरतात. आणि कोणते दार कोणासाठी, हे एकदा ठरलेले नसेल तर दिवसाढवळ्या घोटाळा होतो. आज आपल्या पेढ्यांवरील संगणकांचीही हीच स्थिती आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी. परंतु या विषयात आम्हांस जी किंमत मोजावी लागली, ती इतर बांधवांस मोजावी लागू नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

भेस्तान येथील आमच्या वखारीतील संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला. तिच्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली रचला. या प्रणालीस परवान्याचे मूल्य पडत नाही, हे आमच्या पसंतीचे एक कारण होय. संगणकात दोन नेटवर्क कार्डे आहेत. एकास इंटरनेटची तार जोडली आहे. दुसऱ्याने वजनकाटा, छपाईयंत्र व हिशेबाचे दोन संगणक जोडले आहेत. बाहेरचा व्यवहार बाहेर व घरची खतावणी घरात राहावी, एवढाच यामागील हेतू.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी वीज गेली व थोड्या वेळाने परत आली. संगणक सुरू झाला, काट्यावरील वजने उमटू लागली. परंतु इंटरनेट मात्र ठप्प! नंदुरबारला जाणारा पाकीटबंद डाळ-तांदळाचा ट्रक भरून दारात उभा होता. ५०,००० रुपयांवरील करपात्र माल ई-वे बिलावाचून रस्त्यावर नेता येत नाही, आणि बिलाचा सर्व तपशील त्याच संगणकात. तारेचा दोष समजून आम्ही तारा बदलल्या, इंटरनेट देणाऱ्या मंडळींवर रागावलो, उपयोग शून्य. दुपारी महाविद्यालयातून आलेल्या आमच्या नातवाने पाव घटकेत दोष काढला. जोडणी करणाऱ्या कारागिराने दोन्ही कार्डांवर ‘गेटवे’ भरून ठेवला होता.

गेटवे म्हणजे काय, हे आपल्या परिसरातील उदाहरणाने समजते. उधना जंक्शनपासून एक लोहमार्ग भेस्तान व सचिनवरून मुंबईस जातो, दुसरा बारडोली व नंदुरबारवरून जळगावास. कोणती गाडी कोणत्या मार्गाने सोडावयाची, याचा तक्ता स्थानकावर असतो. संगणकातही असा तक्ता असतो. जवळच्या पत्त्यांची वाट त्यात लिहिलेली असते. ज्याची वाट ठाऊक नाही अशा सर्व पत्त्यांसाठी एक नाका ठरवावा लागतो, तोच गेटवे. दोन नाके लिहिले तर संगणक त्यांतील एकास अग्रक्रम देतो. आमच्या येथे जे कार्ड आधी जागे होई त्यास तो मान मिळे. त्या सकाळी आतले कार्ड आधी जागे झाले, आणि इंटरनेटकडे जाणारा सारा मजकूर वजनकाट्याच्या बाजूस गेला, जेथे तो पुढे नेणारा कोणीच नव्हता. आतल्या कार्डावरील गेटवे पुसून टाकताच व्यवहार सुरळीत झाला.

दुसरी दक्षता पत्त्यांची. दोन्ही कार्डांचे पत्ते निरनिराळ्या गल्ल्यांतील असावेत. बाहेरील कार्डास १९२.१६८.१.२ असा पत्ता असेल, तर आतील कार्डास १०.०.०.१ यासारखा द्यावा. खाजगी उपयोगासाठी या दोन्ही श्रेणी राखून ठेवलेल्या आहेत. दोन्ही कार्डे एकाच श्रेणीत ठेवल्यास एका कार्डाच्या पत्त्याची चौकशी आली असता लिनक्स दुसऱ्या कार्डावरूनही उत्तर देते, आणि दोष शोधणाऱ्याची मती गुंग होते.

तिसरी गोष्ट नावांची. पूर्वी लिनक्स कार्डांस ‘ईथ शून्य’, ‘ईथ एक’ अशी नावे सापडतील त्या क्रमाने देई, त्यामुळे पुन्हा सुरू करताना नावांची अदलाबदल होण्याचा संभव असे. २०१३ पासून बहुतेक वितरणांत कार्ड ज्या खाचेत बसले आहे तिच्यावरून नाव पडू लागले. तथापि प्रत्येक कार्डावर कारखान्यातून आलेला स्वतंत्र अंक असतो. तो वहीत टिपून, तारेस चिठ्ठी बांधून ठेवणे हेच उत्तम.

चौथी गोष्ट अशी की, लिनक्स मुळात एका कार्डावरील मजकूर दुसऱ्यावर जाऊ देत नाही. ही अडवणूक आपल्या हिताची आहे. सोयीसाठी ती उठवावयाची असेल, तर आधी अग्निभिंत, म्हणजे फायरवॉल, उभी करावी. अन्यथा खतावणीचे दार रस्त्यावर उघडे टाकल्यासारखे होईल.

शेवटी, तोंडी आज्ञा देऊन केलेली व्यवस्था संगणक बंद होताच नाहीशी होते. ती त्याच्या नोंदीच्या फाइलीत लिहिली पाहिजे. तोंडी सौदा आणि वहीतील सौदा यांतील भेद आपणांस कोणी शिकवावयास नको. जोडणी पुरी झाल्यावर कारागीर समोर असतानाच संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि आतले व बाहेरचे दोन्ही काम तपासूनच त्याचे पैसे चुकते करावेत. आम्ही हे केले असते तर तो ट्रक वेळेवर सुटला असता.

मोठ्या कार्यांतही हीच रीत आहे. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या ‘परम पद्म’ महासंगणकाने २००३ साली जगातील पाचशे अग्रगण्य संगणकांच्या यादीत स्थान मिळविले; तोही युनिक्स घराण्याच्या प्रणालीवर चाले, आणि गणिताच्या देवघेवीसाठी त्यात ‘परमनेट’ हे खास जाळे असून जोडीला ईथरनेटचे निराळे जाळे होते. काम लहान असो वा मोठे, प्रत्येक वाटेस तिचे काम नेमून द्यावे आणि ते लिहून ठेवावे, हेच त्याचे मर्म. सभासद बंधूंनी आपापल्या पेढीवरील जोडणी येत्या दिवाळीपूर्वी एकदा तपासून घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.