मोटारीतील माजघर

घराची श्रीमंती रस्त्याने जाणाऱ्याला ओसरीवरून कळते. पण त्या घरात माणसांची काळजी किती घेतली जाते हे पाहावयाचे असेल, तर माजघरापर्यंत जावे लागते. पाण्याचे तांब्याभांडे हाताशी आहे की नाही, म्हाताऱ्या माणसाला टेकावयास लोड आहे की नाही, मुलांच्या हाती लागू नये ते उंच फळीवर ठेवले आहे की नाही, ह्या गोष्टी तेथेच दिसतात. मोटारगाडीचेही तसेच आहे. बाहेरचा थाट लोकांसाठी, आतील बैठक घरच्यांसाठी. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला आपण कधी गेला असाल, तर एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. गाडीभोवती एक फेरी घालून होताच माणसे खिडकीशी थबकतात आणि वाकून आत डोकावतात.

आज आपण अशाच एका गाडीचे दार उघडून पाहू या. तिचे नाव कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम; वर्ष १९५७; जन्मगाव अमेरिकेतील डेट्रॉइट. चार दारांच्या बंद मोटारीला तिकडे सेडान म्हणतात. ही त्याच जातीची, पण त्या कुळातील राजकन्या म्हणावी अशी. एल्डोराडो म्हणजे दंतकथेतील सोन्याचा देश, तर ब्रूम हे घोडे जुंपावयाच्या एका बंद, अमीरी गाडीचे नाव. सोने आणि खानदान ही दोन्ही तिच्या नावातच होती.

बाहेरून ती कशी दिसते? सुमारे साडेपाच मीटर लांब आणि त्या मानाने बसकी. माथ्यावर रंग नाही; घासून मंद चमक आणलेल्या न गंजणाऱ्या पोलादाचे छप्परच तिचा मुकुट. पुढे दोन्ही बाजूंस दोन-दोन असे चार दिवे, मागे विमानाची आठवण करून देणारे दोन पंख. पुढची दारे नेहमीसारखी उघडतात, मागची उलट दिशेने. आणि त्यांच्या मध्ये खांबच नाही. दोन्ही दारे उघडली म्हणजे वाड्याच्या दिंडीची दोन्ही फळे उघडावीत, तसा आतील सारा दिवाणखाना एकदम समोर येतो.

आत पाऊल ठेवताच ते मऊ लोकरीच्या गालिच्यात रुतते. बैठकांचे कापड, कातडे आणि रंग यांच्या ४४ निरनिराळ्या जोड्यांतून गिऱ्हाइकाने आपल्या आवडीची जोडी निवडावी, अशी सोय होती. पुढच्या बैठकीला स्मरणशक्ती होती असे म्हटले तर आपल्याला हसू येईल. पण तिच्या दोन आवडत्या जागा ठरवून ठेवता येत, आणि मग विजेच्या बळावर ती आपण होऊन तेथे सरकत असे. थंड हवेची सोय होतीच. समोरचा कप्पा उघडला की धातूचे चकचकीत पेले दिसत. त्यांच्या बुडाशी लोहचुंबक बसविलेले असे. कप्प्याचे झाकण आडवे करून त्यावर ते ठेवले की जागचे हलत नसत. तेथेच पावडरीची डबी, फणी आणि आरसा. मागच्या बैठकीच्या मधल्या हातात टिपणवही, पेन्सिल आणि एक अत्तरदाणी! त्या अत्तरदाणीत पॅरिसच्या लाँव्हाँ ह्या घराण्याचे ‘आर्पेज’ नावाचे अत्तर असे. मोटारीबरोबर अत्तरही कारखान्यातूनच मिळावे, हा थाट तेव्हाही विरळाच होता.

ह्या सगळ्याची किंमत १३,०७४ डॉलर. त्या वर्षीच्या विनिमय-दराने हिशेब केला, तर सुमारे ६२ हजार रुपये. साधी कॅडिलॅक सेडान त्याच वर्षी पाच हजार डॉलरांच्या आत मिळत होती. एवढे दाम मोजणारी माणसे थोडीच. १९५७ मध्ये ४०० आणि १९५८ मध्ये ३०४ अशा दोन वर्षांत मिळून अवघ्या ७०४ गाड्या बाहेर पडल्या. नवलाची गोष्ट अशी की, एवढी किंमत घेऊनही कंपनीला प्रत्येक गाडीमागे तोटाच येत असे. मग हा खटाटोप कशासाठी?

त्याचे उत्तर त्या काळात आहे. दुसरे महायुद्ध संपून दहा-बारा वर्षे झाली होती. अमेरिकेतील कारखाने रात्रंदिवस चालत होते, १९५६ च्या कायद्याने देशभर विस्तीर्ण महामार्ग बांधण्याचे काम सुरू झाले होते आणि आकाशात जेट विमाने घोंघावू लागली होती. उद्याचा दिवस आजच्याहून झगझगीत असणार, ह्याबद्दल सामान्य माणसालाही शंका नव्हती. कॅडिलॅक ज्या जनरल मोटर्स कंपनीची, तिच्या रूपरचना-विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल हे गाडी बनविणाऱ्याचेच चिरंजीव. ‘मोटोरामा’ नावाची प्रदर्शने गावोगाव भरवून उद्याच्या स्वप्नगाड्या लोकांपुढे मांडण्याची कंपनीची प्रथा होती. १९५५ च्या मोटोरामात ब्रूमचे पहिले रूप अवतरले आणि दोनच वर्षांत ते स्वप्न रस्त्यावर आले. ती विकून नफा करावयाचा नव्हता. घराण्याचे नाव राखावयाचे होते. लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च करणारा यजमान आपल्याला अपरिचित नाही!

परंतु थाटाला दृष्ट लागावी तसे झाले. गाडीला हिसका लागू नये म्हणून चारही चाकांपाशी पोलादी कमानींऐवजी दाबलेल्या हवेच्या उशा बसविल्या होत्या. कल्पना सुंदर, पण हवा झिरपू लागे. रात्री ऐटीत उभी केलेली गाडी सकाळी पाहावे तो एका अंगावर खाली बसलेली! कित्येक मालकांनी त्या उशा काढून टाकून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढे १९५९ व १९६० मध्ये ह्याच नावाच्या गाड्यांची शरीरे इटलीतील तुरिनच्या पिनिन फारिना यांच्या कारखान्यात बनली. त्या दोन वर्षांच्या मिळून पुऱ्या २०० आणि मग ही कथा संपली.

येथवर आपण गाडी पाहिली. आता एक प्रश्न विचारू या. ती पावडरीची डबी, ते अत्तर, तो आरसा कोणासाठी होता? अर्थातच बाईसाहेबांसाठी. रचनाकारांच्या मनातील स्त्री ही गादीवर रेलून आरशात पाहणारी होती. ह्याच विचाराचे टोक दुसऱ्या एका कंपनीने गाठले. १९५५ मध्ये ‘डॉज ला फाम’ ही खास स्त्रियांसाठी म्हणून काढलेली गुलाबी गाडी बाजारात आली. आतील कापडावर गुलाबकळ्या, सोबत त्याच रंगाची पर्स, पावसाळी अंगरखा आणि छत्री. दोन वर्षांतच ती बंद पडली. स्त्रियांना काय हवे हे त्यांना न विचारताच ठरविले होते. त्यांनीही काही न बोलता पाठ फिरविली.

गंमत अशी की, मोटारीच्या माजघराचा खरा विचार करणाऱ्या स्त्रिया त्याच डेट्रॉइट शहरात रेखाचित्रे काढीत बसल्या होत्या. त्यांच्यात आधीची हेलेन रोथर. जन्माने जर्मन, पॅरिसमध्ये दागिन्यांची रचना करणारी. नाझींच्या तावडीतून निसटून, लहान मुलीला घेऊन कासाब्लांकामार्गे १९४१ मध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली आणि १९४३ मध्ये जनरल मोटर्समध्ये अंतर्भागाच्या रचनेवर रुजू झाली. पुढे स्वतंत्र व्यवसाय काढून तिने नॅश कंपनीच्या गाड्यांचे अंतरंग सजविले. आपण मोटारींच्या अंतर्भागाकडे पुरेसे लक्ष देतो का, हा प्रश्न तिने १९४८ मध्ये मोटार-अभियंत्यांच्या भर सभेत विचारला.

हार्ले अर्ल यांनी १९५० नंतरच्या दशकात आपल्या विभागात आणखी काही शिक्षित तरुणी घेतल्या. कंपनीच्या प्रसिद्धिखात्याने त्यांना एक लाडिक नाव दिले; ते त्यांच्यापैकी कित्येकींना आवडत नसे. आम्ही रचनाकार आहोत, तेवढेच म्हणा, हे त्यांचे म्हणणे. १९५८ च्या वसंत ऋतूत ह्या स्त्रियांनी रचलेल्या गाड्यांचे एक प्रदर्शन कंपनीने भरविले. तेथे रंग होते, गालिचे होते, पिंजऱ्यांतून गाणारे कॅनरी पक्षीही होते. पण वाचकहो, त्या गाड्यांत डोकावून पाहा. पेगी सॉअर हिने मुलाबाळांच्या घरासाठी रचलेल्या गाडीची मागची दारे चालकाच्या जागेवरूनच उघडत, म्हणजे खेळता खेळता पोराने दार उघडण्याची भीती नाही. प्रवासात मुले रमावीत म्हणून तिने लोहचुंबकाचा खेळही दिला होता. रूथ ग्लेनीने ऋतूंप्रमाणे बदलावयाचे बैठकांचे चार अभ्रे केले, आणि वापर झाला की आपोआप आत ओढले जाणारे सुरक्षा-पट्टे बसविले. अमेरिकेत नव्या गाड्यांना पट्टे सक्तीचे झाले ते १९६८ मध्ये, म्हणजे आणखी दहा वर्षांनी.

दोन्हीकडे लोहचुंबकच आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. एकाने पेला सांडू नये हे पाहिले. दुसरीने लांबच्या प्रवासात कंटाळलेले मूल पाहिले.

हार्ले अर्ल १९५८ च्या अखेरीस निवृत्त झाले. नंतर विभागाचे वारे फिरले आणि ह्या स्त्रियांपैकी बहुतेकजणी अन्यत्र गेल्या. त्या प्रदर्शनात दोन कॅडिलॅक गाड्या मांडणारी सुझान व्हँडरबिल्ट मात्र वीस वर्षांहून अधिक काळ त्याच कंपनीत चिकाटीने काम करीत राहिली. ब्रूमचे मोल कोट्यवधींच्या तोंडी झाले. ह्या रचनाकारांची नावे मात्र फार उशिरा लोकांना कळू लागली.

हे सारे दूरदेशीचे असे आपल्याला वाटेल. पण अमेरिकन मोटारीचे माजघर आपल्या लोकांनीही पाहिले आहे. जनरल मोटर्सचा गाड्या जुळविण्याचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत चालू होता. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कुर्ल्याला डॉज, प्लिमथ व डी सोटो ह्या गाड्या जुळविल्या जात. पुढे त्यांतील कित्येक टॅक्सी होऊन मुंबईच्या रस्त्यांवर धावल्या. त्यांच्यात अत्तरदाणी नव्हती. पण पुढच्या लांब, सलग बाकावर आणि मागच्या प्रशस्त गादीवर मिळून एक आख्खे कुटुंब, ट्रंका, फिरकीचा तांब्या आणि मांडीवरचे बाळ यांसह बोरीबंदरला पोहोचत असे. माणसांना सामावून घेणे हाच तिच्या अंतरंगाचा थाट होता.

मग एल्डोराडो ब्रूमचे आकर्षण खोटे काय? मुळीच नाही. तिच्या आतील त्या पेल्यांसाठी, डबीसाठी संग्राहक आजही मोठी किंमत मोजतात, आणि सगळा सरंजाम जागच्या जागी असलेली गाडी मिळाली तर तिचा रुबाब काही और असतो. तीत बसणाऱ्याला क्षणभरही काही कमी पडू नये, ह्या हौसेने कोणीतरी तिचा कोपरा न् कोपरा सजविला. ती हौस इतक्या वर्षांनंतरही आपल्यापर्यंत पोहोचते. तिच्या दोन जागा लक्षात ठेवणाऱ्या बैठकीची कल्पना तर आजच्या अनेक गाड्यांत नांदते आहे. हवेच्या उशा फुसक्या ठरल्या, अत्तर उडून गेले; बसणाऱ्याच्या अंगाकडे पाहून केलेली सोय तेवढी टिकली.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या खेपेस एखाद्या जुन्या मोटारीच्या खिडकीशी आपण थबकाल तेव्हा मुलांना गालिचा दाखवा, चकचकीत पेले दाखवा, त्यांच्या डोळ्यांतील नवल मनसोक्त पाहा. आणि मग त्यांना एक गोष्ट अवश्य विचारा: ‘ही गाडी तुम्ही केली असती, तर आजीसाठी आत काय ठेवले असते?’ त्यांची उत्तरे नीट ऐका. त्यांतील एखादे उत्तर एखाद्या मुलीचे असेल, आणि ती ते कागदावर काढूनही दाखवील. तो कागद जपून ठेवा.