रानडुकरासाठी बंदूक कोणती, काडतूस कोणतं?

गोदाकाठचा ऊस असो की बालाघाटाच्या माळावरची तूर, रानडुकरं आणि रोही एका रात्रीत पीक आडवं करतात. मग पारावर बंदुकीचा विषय निघतो. कुणी म्हणतं रायफल पाहिजे, कुणी म्हणतं बारा बोअरच बरी. अर्ज करण्याआधी दोन्हींचा हिशेब मांडलेला बरा.

रायफलीत आपल्याकडं जुनी ओळखीची म्हणजे ३१५ बोअर. लष्करी ३०३ साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणून हिचं चलन वाढलं. गोळी सुमारे १६ ग्रॅमची, शंभर-दीडशे मीटरवरही डुक्कर पाडणारी. ३०-०६ हे १९०६ सालचं अमेरिकन काडतूस. गोळी हलकी, पण वेग सेकंदाला ८०० मीटरच्या पुढं. दोन्हींचा धोका एकच. नेम चुकला तर गोळी किलोमीटरच्या पुढं जाते आणि आपल्या सपाट रानात शेजारच्या आखाड्यावर माणूस झोपलेला असतो.

बारा बोअरच्या काडतुसात छर्रे असतात. पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर वापरू नयेत. ते मरत नाही, जखमी होऊन अंगावर येतं. मोठे छर्रे म्हणजे एलजी किंवा एसजी घ्यावेत आणि मारा तीस-पस्तीस मीटरच्या आत असावा. तरीही जनावराच्या मागं काय आहे हे दिसल्याशिवाय घोडा ओढू नये.

बंदूक घेतली अन् काडतूस मिळालं नाही, तर ती नुसती काठी. बारा बोअरचं ‘शक्तिमान’ काडतूस पुण्याच्या खडकी कारखान्यात बनतं. हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडं आहे. ३०-०६ चा खप कमी; आधी दुकानदाराला विचारावं, मगच रायफलीचं बघावं. काडतूस परवानाधारक दुकानातूनच आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकंच मिळतं.

कायद्याचा कौलही बारा बोअरच्या बाजूनं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती अपुरी पडली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक सांगितली आहे.

मात्र शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर किंवा रोही पीक खात असेल तरी वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. मारलेलं जनावर सरकारी मालकीचं, त्याचं मटण करता येत नाही. काळवीट तर पिकासाठी मारताच येत नाही. नुकसान झालं की वनखात्याकडं लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा.

डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंच हत्येनंतर जिल्ह्यातले शस्त्रपरवाने तपासले गेले, अनेक रद्द झाले. कमरेला मिरवायच्या पिस्तुलापायी खऱ्या शेतकऱ्याचा अर्ज अडू नये. त्यासाठी सातबारा, पेरा आणि नुकसानीचे जुने पंचनामे अर्जाला जोडावेत. गावच्या अधिकाऱ्यांनीही शेत बघूनच अहवाल द्यावा.