पुसलेली राणी

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची एक फारसी पोथी आहे. अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशहा याची थोरवी गाणारे हे काव्य आफताबी नावाच्या कवीने रचले. दख्खनी चित्रशैलीच्या आज उपलब्ध असलेल्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या पोथीची गणना होते. तिच्यातील बारा चित्रे शिल्लक आहेत.

ही चित्रे प्रथमच पाहणारा विद्यार्थी गोंधळून जातो. सिंहासनावर सुलतान बसलेला आहे, भोवती परिचारक आहेत. परंतु त्याच्या निकट, जेथे दुसरी आकृती असावी, तेथे रंगाचा एक ओबडधोबड डाग दिसतो. काळाच्या ओघात रंग उडाल्याने पडलेला हा डाग नव्हे. येथे राणी होती आणि ती हेतुपुरस्सर झाकून टाकण्यात आली.

ही राणी म्हणजे खुंजा हुमायून, इतिहासप्रसिद्ध चांदबिबीची आई. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या रणांगणावर विजयनगरचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी हुसेनशहा मरण पावला. मुलगा मुर्तजा अल्पवयीन असल्याने राज्याची सूत्रे राणीच्या हाती आली. १५६९ मध्ये मुर्तजाने आईला कैद करून ती आपल्याकडे घेतली.

पोथीचा काळ ठरविण्यास हाच घटनाक्रम उपयोगी पडतो. काव्यात तालिकोटचा विजय वर्णिलेला आहे. तेव्हा ते १५६५ पूर्वीचे असणे शक्य नाही. राणीला सुलतानाच्या बरोबरीने बसविण्याचे धाडस मात्र तिचा अधिकार चालत असतानाच एखादा चितारी करू शकेल. म्हणून चित्रे १५६५ ते १५६९ या चार-पाच वर्षांतील मानली जातात आणि राणी पुसली गेली ती तिच्या पतनानंतर, असा तर्क केला जातो. जे नष्ट करण्यासाठी केले, तेच अशा रीतीने पुरावा ठरले. युरोपातही असे घडले आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये संत टॉमस बेकेटचे नाव प्रार्थनाग्रंथांतून काढून टाकण्याचा हुकूम दिला, आणि तेथील अभ्यासक आज खरवडलेल्या त्या जागाच बारकाईने न्याहाळतात.

राणी वगळली तरी या चित्रांत शिकण्यासारखे पुष्कळ उरते. सोनेरी आकाश आणि उंचावर नेलेले क्षितिज ही इराणी परंपरेची देणगी. स्त्रियांच्या चोळ्या आणि गोंडे लावलेल्या लांब वेण्या उत्तरेकडील चित्रांची आठवण करून देतात, तर अंगाभोवती घेतलेले वस्त्र दक्षिणेकडील. एका चित्रात तर स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो. संस्कृत काव्यातील हा दोहदाचा संकेत, मंदिरांच्या शिल्पांतून परिचित झालेला, एका फारसी काव्याच्या पानावर अवतरावा, यातच दख्खनच्या दरबाराची घडण दिसून येते. शैलींची नावे पाठ करण्यापेक्षा असे एक पान तासभर न्याहाळणे अधिक फलदायी होय.

परंतु केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही. फारसीही यावी लागते. जी. टी. कुलकर्णी आणि मधुकर श्रीपाद माटे यांनी संपादित केलेली या पोथीची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून पाहणे अनेकांना शक्य झाले. कारण ज्याने राणीवर रंग चढविला, त्याने अक्षरांना हात लावलेला नाही. तिच्या रूपाचे आणि विवाहाचे आफताबीने केलेले वर्णन पोथीत जसेच्या तसे आहे.